विजया तेलाच्या दोन बाटल्या, लेबल एकच

नागिणीचे फोड सुकले, खपल्या पडल्या, डॉक्टरांनी आता बरं झालं म्हणून सांगितलं, आणि आग मात्र राहिली. ज्यांना हे झालं आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. उजव्या बगलेखालून पाठीच्या कण्यापर्यंत एक पट्टा, वरून कातडी साफ, पण ब्लाउजची शिवण घासली तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्यात आपल्या नागपूरचा उन्हाळा. कूलरचा वारा इतरांना सुखाचा, मला त्या पट्ट्यावर तोही सहन होत नसे. कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून नसांच्या गाठींत दडून बसतो, वय झालं की डोकं वर काढतो आणि जाताना नस दुखावून जातो. तीन महिन्यांच्या पुढे दुखणं टिकलं की त्याला नागिणीनंतरचं नसांचं दुखणं म्हणतात. माझं त्याहून बरंच जुनं होतं.

धंतोलीतल्या न्यूरोलॉजिस्टांनी प्रीगॅबॅलिन दिलं. दुखणं उतरलं, पण स्वयंपाकघरातून बैठकीत येताना भिंत धरावी लागे. गोळी कमी केली की रात्रीची झोप जाई. दिवस कसाही निघतो, माणसं असतात, कामं असतात. रात्री दोन वाजता त्या पट्ट्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. तेव्हा रामदासपेठेतल्या आमच्या वैद्य बाईंनी विजयेच्या तेलाचं नाव काढलं. विजया म्हणजे भांगेचं झाड. मी चाळीशीपासून शाळेत जीवशास्त्र शिकवत आले, निवृत्त झाले तरी झाडाचं काही निघालं की मुळापासून वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. माझ्यासारख्या कुणी रात्री जागत हे तेल मागवायच्या विचारात असेल, तर तिला नुसते पाच तारे नकोत, खरी माहिती हवी.

आधी कायद्याचं, कारण घरात पहिला प्रश्न तोच आला. माझी नणंद इतवारीहून आली आणि बाटली बघून म्हणाली, "वहिनी, तुम्ही काय गांजा घेऊन राहिल्या का बापा?" नाही. 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात चरस म्हणजे राळ आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदिक औषधांचे कारखाने परवाना घेऊन पानांचा अर्क वापरतात. औषध नियमांच्या ई-1 या अनुसूचीत भांग आहे, म्हणून बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापलेली असते. ती नसेल तर बाटली हातात घेऊ नका. आणि हे वाचून कुणी घरी पानं आणून वाटायला बसू नये. महाराष्ट्रात भांगेवर 1949च्या दारूबंदी कायद्याचं बंधन आहे, परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही.

जुन्या वैद्यांना ही वनस्पती नवी नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात भांग कडू, उष्ण, तीक्ष्ण, पचन करणारी, मलाला बांधणारी आणि मोह आणणारी सांगितली आहे. जातीफलादी चूर्णात ती आहे, ते जुनाट अतिसारावर देतात. मोह आणणारी हा गुण त्यांनी लपवला नाही, हे मला फार आवडलं. हल्लीच्या जाहिरातींत नेमका तोच शब्द गळतो.

आता बाटली. काळपट काचेची, दहा मिलीची, तीन हजारांच्या वर किंमत. तिळाच्या तेलात पानांचा अर्क. वास ओल्या गवताचा, मागून मिऱ्याचा. मिऱ्यात आणि लवंगेत असतं ते कॅरिओफिलीन या झाडातही असतं, तो वास त्याचाच असावा. चव कडू आणि घशाशी रेंगाळणारी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘हायब्रीड, बॅलन्स्ड’. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर तिकडची मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, सॅटिव्हा म्हणजे तरतरी, इंडिका म्हणजे झोप, आणि आपलं हायब्रीड आहे, त्यात दोन्हीचे गुण."

इथे मला थांबावंच लागतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली या झाडाला सॅटिव्हा नाव दिलं. लामार्कनं 1785 साली भारतातून गेलेले नमुने बघून इंडिका नाव दिलं. सॅटिव्हा म्हणजे लागवडीचं, इंडिका म्हणजे भारतातलं, एवढाच त्या नावांचा अर्थ. तरतरी आणि झोप ही वाटणी पुढे बाजारानं केली. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमुन्यांवरची सॅटिव्हा-इंडिका लेबलं त्यांच्या एकूण जनुकांशी जुळली नाहीत. जे थोडं नातं दिसलं ते वासाच्या काही द्रव्यांपुरतं. म्हणजे आज जगभर जे विकलं जातं ते जवळपास सगळंच मिसळलेलं आहे, आणि लेबलावरच्या या एका शब्दावरून रात्री तुमचं काय होईल हे सांगता येत नाही.

ज्यावरून सांगता येतं ती गोष्ट वेगळी. या झाडात दोन मुख्य द्रव्यं. टीएचसी मेंदूतल्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटतं, त्यानं दुखणं दूर जातं, भूक लागते, झोप येते आणि नशाही त्यानंच येते. सीबीडी नशा आणत नाही. दोन्ही एकाच कच्च्या मालापासून बनतात आणि कुठलं बनायचं हे झाडाची जनुकं ठरवतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संकराच्या प्रयोगांत टीएचसीवालं झाड आणि सीबीडीवालं झाड एकत्र केलं तेव्हा पहिल्या पिढीतल्या सगळ्या झाडांत दोन्ही द्रव्यं आली. त्या पिढीचं बी पुन्हा पेरलं की चारात एक टीएचसीचं, दोन मिश्र, एक सीबीडीचं, असं मेंडेलच्या हिशेबानं फुटलं. दहावीच्या वर्गाला वाटाण्यावर शिकवलेलं गणित मला या वयात औषधाच्या बाटलीवर सापडलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी दुखण्याचा विसर पडला.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. माझे बाबा हिंगणघाटकडे कपाशी करायचे. सुरतेला तयार झालेली एच-4, जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी, 1970ची. ती आमच्याकडे आली तेव्हापासून बाबांचा एक नियम होता, हायब्रीडची सरकी पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही. ठेवली तर एक झाड गुडघ्याएवढं, एक कमरेएवढं, बोंडं कुठे लहान, कुठे मोठी. हायब्रीडचं सारखेपण एका पिढीचं असतं. म्हणून कुणी मला विजयेचं हायब्रीड म्हणून तेल विकतो तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच, की पानं कुठल्या झाडांची? कलमं करून टिकवलेल्या एका झाडाची, का डोंगरउतारावर आपोआप उगवलेल्या रानाची? त्या मुलीला उत्तर माहीत नव्हतं. तिनं बॅचचा तपासणी अहवाल मात्र ईमेलनं पाठवला, आणि तो चांगला होता. टीएचसी, सीबीडी, दोन्हींची आम्लरूपं, शिसं-पारा-आर्सेनिकसारखे जड धातू, कीटकनाशकं, सगळं वेगवेगळं दिलेलं. टीएचसी आणि सीबीडी जवळपास सारखे. याबद्दल कंपनीचं मनापासून कौतुक.

आम्लरूपांचं एक सांगते. ताज्या पानात टीएचसी आम्लरूपात असतं आणि तसं ते नशा आणत नाही. उष्णता लागली की त्याचं रूप बदलतं. भांग शिजवतात, भाजतात त्याचं कारण हेच. तेल बनवताना पानं तापवलेली असतात, त्यामुळे "कच्च्या पानाचं काय होतंय" म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे लागू नाही.

वैद्य बाईंनी न्यूरोलॉजिस्टांशी बोलूनच सुरुवात केली. मी माझ्या सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवली, कारण सीबीडी यकृतातल्या ज्या वितंचकांना (एन्झाइम्सना) अडवतं ती इतर कितीतरी औषधं पचवतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनवाल्यांनी तर याकडे स्वतःच्या मनानं बघूही नये. वैद्य बाईंनी रात्रीच्या जेवणानंतर जिभेखाली दोन थेंब सांगितले. "काकू, आज काही वाटलं नाही म्हणून आजच तिसरा थेंब घ्यायचा नाही," हे त्यांनी दोनदा बजावलं.

पहिल्या बाटलीचा परिणाम मी वहीत लिहीत गेले. सुरुवातीला काहीच नाही. मग हळूहळू एक थेंब वाढवला तेव्हा एका रात्री लक्षात आलं की मी उताणी झोपले आहे आणि पाठ गादीला टेकली आहे. दुखणं गेलं नव्हतं. विचारलं असतं तर मी पट्टा बोटानं दाखवला असता. पण ते लांब गेलं होतं, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं इतकं, आणि त्याच्याकडे लक्ष देणं माझ्या हातात आलं होतं. या औषधाचं वर्णन मला यापेक्षा नेमकं करता येत नाही. प्रीगॅबॅलिन आग कमी करायचं. हे आगीचा धाक कमी करतं. झोप अखंड लागायला लागली. सकाळी तोंड कोरडं, डोळे किंचित लाल, डोकं नऊ वाजेपर्यंत जड. भूक वाढली, ते माझ्या बाबतीत बरंच झालं.

पोटातून घेतलेलं हे औषध उशिरा चढतं. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही, आणि सहा-आठ तास राहतं. जिभेखाली ठेवलं तरी बराचसा भाग गिळलाच जातो. यकृतात टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं, म्हणून ओढलेल्या गांजाचा अनुभव सांगणाऱ्यांचं ऐकून थेंब ठरवू नयेत. आणि सोबत काय खाल्लं त्यावरही अवलंबून असतं. घरी खिचडी असली की नेहमीचा अंमल. एकदा पाहुणे होते म्हणून वडाभात केला, भातावर वडे कुस्करून वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी, आपल्याकडे ती हात राखून घालत नाहीत. त्या रात्री तेवढेच थेंब दीडपट जड गेले, सकाळी अकरापर्यंत सुस्ती. ही द्रव्यं तेलात विरघळणारी, स्निग्ध जेवणाबरोबर जास्त शोषली जातात. वैद्य बाई म्हणाल्या, रोज साधारण सारखंच जेवण ठेवा. सावजी रस्सा असेल त्या दिवशी एक थेंब कमी.

मग दुसरी बाटली आली. तीच कंपनी, तोच काळपट रंग, तेच ‘हायब्रीड, बॅलन्स्ड’. मी नेहमीचे थेंब घेतले. दीडेक तासानं छातीत धडधड सुरू झाली. खोली लांबुडकी वाटायला लागली, पंख्याचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येत होता. घड्याळात पाच मिनिटं झाली होती आणि मला वाटत होतं तास गेला. जीव घाबरला. आमचे हे उठून बसले, लिंबूपाणी दिलं, माझा हात धरून शेजारी थांबले आणि सारखे म्हणत राहिले, "उतरेल, औषध आहे, उतरेल." पहाटे उतरलं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. टीएचसीनं नाडी वाढते, हे ठाऊक असलेलं आहे.

सकाळी बाटलीवरचा बॅच नंबर कळवून अहवाल मागवला. टीएचसी सीबीडीच्या जवळपास दुप्पट. पहिल्या बाटलीत सारखे, इथे दुप्पट, आणि पुढचं लेबल अक्षरशः तेच. विचारलं तर उत्तर आलं, नैसर्गिक उत्पादनात थोडा फरक येतोच. माझी खरी तक्रार इथे आहे. पानांत फरक येणार हे मला मान्य आहे, पण तो मोजून समोर लिहायला हवा. बाटलीच्या मागे अर्काचं एकूण वजन होतं, दोन द्रव्यांचं वेगवेगळं प्रमाण नव्हतं. रोग्यानं ईमेल करून मागितल्याशिवाय त्याला आपण काय गिळतो ते कळू नये, हे औषधाच्या धंद्यात चालणार नाही.

आणि हे जमतं, असं नाही की जमत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात रोग्यांचे स्नायू ताठरतात, त्यासाठी परदेशात सॅटिव्हेक्स नावाचा तोंडात मारायचा फवारा मिळतो. कॅनडात त्याला 2005 साली मान्यता मिळाली ती त्याच आजारातल्या नसांच्या दुखण्यासाठी. त्यातही टीएचसी आणि सीबीडी जवळपास सारखे, एका फवाऱ्यात 2.7 आणि 2.5 मिलिग्रॅम. त्यांनी एका हायब्रीड झाडावर भरवसा ठेवलेला नाही. टीएचसीचं एक झाड, सीबीडीचं दुसरं, दोन्ही फांदीपासून वाढवून जशीच्या तशी टिकवलेली, दोघांचे अर्क वेगळे काढून मोजून मिसळतात. बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांना क्षणात पटलं असतं.

ड्रॉपरबद्दल. त्यावर खुणा नाहीत. तेल थंड असलं की थेंब मोठा पडतो, उन्हाळ्यात पातळ होऊन लहान. इतक्या महाग औषधाला मिलीच्या खुणा असलेली बारीक नळी द्यायला काय हरकत आहे? मी औषधांच्या दुकानातून सुईशिवायची एक मिलीची सिरिंज आणली आणि वैद्य बाईंनी थेंबांचं मिलीत रूपांतर करून दिलं. तेव्हापासून हात थरथरला तरी माप चुकत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवते. प्रकाश आणि उष्णतेनं टीएचसी उतरत जातं, आणि मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की आमच्या कपाटातही काही थंड राहत नाही. नातवंडं सुट्टीला आली की फ्रिजमधला डबा कुलपाचा. अंमल असताना मी स्कूटर काढत नाही, दुसऱ्या दिवशी डोकं जड असेल तर सकाळीही नाही. नोकरीत लघवीची तपासणी होत असेल तर लक्षात ठेवा, आयुर्वेदिक चिठ्ठी असली तरी तपासणीत टीएचसी दिसणारच, आणि रोज घेणाऱ्यांत ते आठवडे-आठवडे दिसू शकतं. घरात कुणाला मनोविकार असेल, किंवा घेणारं माणूस तरुण असेल, तर टीएचसीपासून लांबच राहावं.

नसांच्या दुखण्यावर या औषधांचा फायदा किती, यावर 2018च्या कॉक्रेन परीक्षणानं, म्हणजे झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानं, हात राखूनच लिहिलं आहे, की फायद्यापेक्षा त्रास जास्त ठरू शकतो. माझ्या एकटीच्या वहीनं ते खोटं ठरत नाही. मला झोप मिळाली आणि प्रीगॅबॅलिन निम्म्यावर आलं, तेही डॉक्टरांनी उतरवलं म्हणून. मैत्रिणीला गुडघ्यासाठी घ्यायचं होतं, तिला मी नको म्हटलं. तिच्या दुखण्याची जात वेगळी आहे, आणि तिला झोप लागते.

गुण द्यायचे तर तेलाला पाचापैकी साडेतीन, अहवाल पाठवण्याला पाच, लेबलाला एक. आता तिसऱ्या वेळी मी पैसे भरायच्या आधी हातात असलेल्या बॅचचा अहवाल मागवला. तो दुसऱ्या दिवशी आला. टीएचसी आणि सीबीडी पुन्हा जवळपास सारखे होते. वैद्य बाईंनी त्यावर मिलीचं नवं माप लिहून दिलं, पूर्वीपेक्षा थोडं कमी, आणि मग मी बाटली मागवली.